सर म्हणतात भरा, मॅडम म्हणतात रिकामं करा

सोनोग्राफी सेंटरच्या काउंटरवर बसणाऱ्याला किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. नुसतं गप्प बसायचं! समोरच्या बाकावर आठ-दहा बायका, प्रत्येकीच्या पोटात दोन-दोन बाटल्या पाणी आणि नंबर यायला अजून अर्धा तास. अशा अवस्थेत बाई खोटं बोलूच शकत नाही. नवऱ्याबद्दल, जावेबद्दल, डॉक्टरांबद्दल, जे असेल ते बाहेर येतं. आणि गप्प बसण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, त्यामुळे किस्से साठत गेले. आता सांगितले नाहीत तर मलाच बाथरूमला जावंसं वाटेल, इतके!

आमचं सेंटर शहापूरला, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत. खाली मॅडमचं मॅटर्निटी होम, वर सोनोग्राफीची खोली. मॅडम बायकांच्या डॉक्टर. सर म्हणजे रेडिओलॉजिस्ट, ते मंगळवार-शुक्रवार कल्याणहून येतात. तोंडात कायम लवंग. ते जिना चढायच्या आधी वास वर येतो. बाकीच्या दिवशी मशीनवर मॅडम स्वतः बसतात. आणि सुमनमावशी, आमच्या आया. दोन्ही डॉक्टरांच्या आधीपासून इथे आहेत आणि दोघांनाही तसं जाणवून देतात.

बायकांची सोनोग्राफी नक्की करायची कोणी, यावर सर आणि मॅडममध्ये पहिल्या दिवसापासून शीतयुद्ध आहे.

मॅडम म्हणतात, "मी पेशंटला ओळखते. तिच्या पोटावर हात ठेवला की निम्मं मला कळतं. तुम्ही फक्त चित्र ओळखता."

सर म्हणतात, "तोच तर घोटाळा आहे. निम्मं आधीच कळलं की माणसाला उरलेलं निम्मं तसंच दिसायला लागतं."

मग दोघं एकमेकांना चहा विचारतात. दोघंही नको म्हणतात.

*

मी मुरबाडकडची, धसईची. लग्नाआधी मॅडमच्या मुरबाडच्या ओपीडीत नावं लिहायचे. मागच्या माघात लग्न होऊन सापगावला आले, आणि मॅडमनी शहापूरच्या काउंटरवर बसवलं. काम तेच. नाव लिहायचं, फॉर्म भरायचा, पाणी पाजायचं.

लग्नानंतरच्या हळदीकुंकवाला शेजारच्या जनाकाकींनी विचारलं, "काय करतेस गो?"

मी म्हटलं, "सोनोग्राफीत असते."

एवढंच म्हटलं, शप्पथ! संध्याकाळपर्यंत सापगावात झालं होतं, 'नवी सून सोनोग्राफी करते.' दुसऱ्या दिवशी एक बाई कंबर दाखवायला आली. मी खोडून काढायला हवं होतं. पण नवी नवरी, तोंड उघडायचं कसं? शिवाय खोटं का बोला, बरंही वाटत होतं.

सगळ्यांत जास्त बरं सासूबाईंना वाटत होतं. बाजारात, लग्नात, पाण्याच्या लाइनीत, "आमची सून मशीनवर असते!"

आणि उन्हाळा लागता लागता एक दिवस न्हाणीघरात भिजत घातलेलं कापड मला दिसलं. घरात दोनच बायका. माझं ते नव्हतं. आईंची, म्हणजे सासूबाईंची, पाळी जाऊन आठ वर्षं झालेली. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर थांबायचं नसतं, हे काउंटरवर बसून बसून मलाही माहीत झालं होतं.

मी विचारलं. आधी नाय म्हणाल्या. मग म्हणाल्या, "दोन महिने झालं. थोडं थोडं. कोणाला बोलू नको."

"आई, सोनोग्राफी करून घेऊ."

"करीन. पन तुझ्याकडनं."

"आई, मी फक्त नाव लिहिते हो. मी त्याला हात लावला तर सरकार मशीनला सील लावेल!"

त्यांनी दाराकडे बघितलं. "हळू बोल! असं कुठं बोलू नको. मी सगळीकडं सांगून बसलीय. सून मशीनवर, नि सासू पोट उघडं टाकून परक्यापुढं? लोकं काय म्हनतील?"

झालं! मग मी एकच केलं. रोज संध्याकाळी वाल सोलता सोलता त्यांना सेंटरचे किस्से सांगायला लागले. म्हटलं, निदान त्या खोलीची भीती तरी जाईल. आयुष्यात इतकं मी कधी बोलले नव्हते.

*

पहिला सांगितला तो पाण्याचा.

गंमत अशी, की सरांना पोटावरून बघायचं असतं. त्यासाठी लघवीची पिशवी टम्म भरलेली लागते, म्हणजे मागचं सगळं नीट दिसतं. मॅडम आतून बघतात. त्यासाठी पिशवी पूर्ण रिकामी लागते. म्हणजे मंगळवार-शुक्रवार भरायचं, बाकी दिवस रिकामं करायचं. साधा हिशोब.

एकदा मंगळवारी किन्हवलीकडची एक बाई भरून आली. तेवढ्यात सरांचा फोन, 'उशीर होतोय.' मॅडम म्हणाल्या, "असू दे, मीच बघते. जा, बाथरूमला जाऊन या." बाई सुटल्यासारखी पळाली. ती परत येते तोच खाली डिलिव्हरीची केस आली आणि मॅडम धावल्या. वर सर हजर! म्हणाले, "काहीच भरलेलं नाही. पाणी पाजा." मी चार ग्लास पाजले. तासाभराने ती टेबलावर चढली आणि मॅडम हात पुसत वर आल्या. "अहो सर, हिला आतूनच बघायला हवं. जा गं, बाथरूमला जाऊन ये."

बाई उठून बसली. दोघांकडे आळीपाळीने बघितलं.

"तुमी दोघं आधी ठरवा, मग मला बोलवा. मी काय ग्रामपंचायतीची टाकी हाय काय? सकाळी भरा, दुपारी सोडा!"

आई इतक्या हसल्या की वालाचं भांडं लवंडलं. पुढे आठवडाभर घरातल्या माठाला आमच्याकडे 'सर' म्हणत होते.

*

मुरबाडहून येणाऱ्या बायकांचा प्रॉब्लेम वेगळाच. त्या बिचाऱ्या सांगितलेलं मनावर घेतात. 'पाणी पिऊन या' म्हटलं की घरीच पिऊन निघतात. आणि मधे तो रस्ता! टोकावड्याची एक बाई अर्ध्या वाटेत सीटवरून उठून उभी राहिली आणि कंडक्टरला म्हणाली, "गाडी थांबवा, नायतर जे होईल ते तुमच्या गाडीत होईल!" गाडी थांबली. ती गेली, आली, आणि बसल्यावर रडायलाच लागली, "सगळी मेहनत फुकट गेली ओ!" मग मागच्या सीटवरच्या बायकांनी आपापल्या बाटल्या पुढे केल्या. इथे पोचली तोवर पुन्हा भरली होती. अख्ख्या एसटीने भरलेली पेशंट!

हल्ली तो कंडक्टर तिकीट फाडतानाच विचारतो म्हणे, "सोनोग्राफीवाल्या कोन कोन? पुढं बसा. मागं उसळतंय."

*

आता आईंना जी भीती होती, त्याचाच किस्सा. मी मुद्दाम राखून ठेवला होता.

एका शुक्रवारी एक नवरोजी काउंटरवर आले. मिशा पिळलेल्या, आवाज चढवलेला. "आत पुरुष डॉक्टर हाये. आमाला नाय चालनार. बाई पायजे."

मी सांगितलं, "मॅडम उद्या बघतील. पण उद्या रिकामं यावं लागेल."

"उद्या कामाला खाडा पडतो माझा!"

"मग आज सर बघतील. मावशी आत असतात."

"बाई पायजे म्हनजे बाई पायजे!"

त्यांची बायको दोन लिटर पाणी पोटात घेऊन शेजारी उभी. एक पाय उचलून दुसरा ठेवत होती. शेवटी तिचा बांध फुटला. म्हणजे बोलण्याचा!

"मागल्या टायमाला यांच्याकडंच केलीय मी. ते डॉक्टर सगळा वेळ त्या टीवीकडं बघतात. माझ्याकडं ढुंकून बघत नायत." आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "तुमच्यासारखेच हायेत. सरका!"

आणि गेली आत.

आईंनी वाल खाली ठेवला. "खरं बोलली गो ती," म्हणाल्या. आणि माजघरात टीव्हीसमोर बसलेल्या सासऱ्यांकडे बराच वेळ बघत राहिल्या.

मी विचारलं, "मग आई, येताय शुक्रवारी?"

"वाल सोल."

*

भिंतीवर एवढा मोठा बोर्ड आहे, की इथे गर्भलिंग निदान केलं जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. तरी विचारणारे विचारतात. सरळ नाही, गोडाच्या आडून. एक आजीबाई नातसुनेला घेऊन आल्या होत्या. सोनोग्राफी झाल्यावर सरांच्या वाटेत उभ्या राहिल्या आणि लाडात म्हणाल्या, "डाक्टर, काय आनू मंग? पेढा का जिलबी?"

सरांनी लवंग या गालातून त्या गालात फिरवली.

"आज एकादशी, आजी. उपास धरा. नऊ महिने!"

आजी मग सुमनमावशींकडे वळल्या. मावशी म्हणाल्या, "माझ्याकडं नका बघू. मला विचाराल तर मी बोर्ड वाचून दाखवीन. मोठ्यानं!"

*

मावशींचं वेगळंच प्रकरण आहे. त्या मशीनकडे बघत नाहीत. त्या पेशंट जिना कशी चढते ते बघतात.

एकदा एक बाई पोट धरून आली. मॅडमनी तपासून चिठ्ठीवर लिहिलं, गाठ असावी. सरांनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "आधी बघतो, मग बोलतो." मावशी पोछा मारत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ग्यास हाय."

सरांनी वीस मिनिटं बघितलं. डावीकडून, उजवीकडून, कुशीवर वळवून. गाठ काही दिसेना. शेवटी मशीन थांबवलं आणि रिपोर्ट सांगायला लागले. मी टाइप करत होते. गर्भाशय नॉर्मल, दोन्ही अंडाशयं नॉर्मल. मग घसा खाकरला.

"आणि लिही, आतड्यांत गॅस जास्त."

पोछा थांबला.

सर म्हणाले, "मावशी, सही पण तुम्हीच करा आता."

मॅडमना हे कळलं तेव्हा त्या दोन दिवस खूश होत्या. गाठीचा अंदाज त्यांचाच चुकला होता, हे कोणी त्यांना सांगितलं नाही.

*

सर आणि मॅडमचं आयुष्यात एकदाच एकमत झालं. मशीनच्या कंपनीचा माणूस आला होता. टाय, बॅग, चकाचक बूट. आमच्याच मशीनवर नवं सॉफ्टवेअर टाकून दाखवायचं होतं. म्हणाला, "सर, आता एक्स्पर्टची गरजच नाही! स्क्रीनवर सगळं आपोआप येतं. नावासकट, मापासकट. कोणीही करू शकतं." आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्या मॅडमसुद्धा!"

मी टायपिंगमध्ये डोकं घातलं. म्हटलं, सापगावात एवढं बस झालं!

सर आणि मॅडमनी एकमेकांकडे बघितलं. इतक्या प्रेमाने पहिल्यांदाच.

सर म्हणाले, "वा! झोपा तुम्हीच. तुमच्यावरच बघू."

तो टाय खांद्यावर टाकून उत्साहाने झोपला. सरांनी प्रोब ठेवला. स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत लिव्हर आलं, किडनी आली, शेवटी 'सर्व नॉर्मल' आलं. तो आडवा पडल्या पडल्या सेल्स करत होता. सरांनी प्रोब बरगडीखाली जरासा कलता केला. मॅडम पुढे वाकल्या.

"वडे-बिडे खाल्ल्यावर उजवीकडे दुखतं का हो?" मॅडमनी विचारलं.

"हो! तुम्हाला कसं कळलं?"

"खडे आहेत पित्ताशयात," सर म्हणाले. "तीन."

"चार," मॅडम म्हणाल्या.

सरांनी पुन्हा बघितलं. "चार."

तो माणूस मशीन विकायला आला आणि सर्जनची चिठ्ठी घेऊन गेला!

आई हे ऐकून हसल्या नाहीत. वालाची शेंग हातात तशीच राहिली.

"म्हंजे मशीनला नाय कळत," म्हणाल्या. "बघनाऱ्याला कळतं."

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "तेच तर सांगतेय मी! मग आई?"

"मग काय? तू शीक ना बघायला!"

*

असे दोन महिन्यांचे चार महिने झाले. कापड आता रोज भिजत पडायला लागलं. यांना सांगू का म्हटलं तर आई म्हणाल्या, "माझ्या पोराला यातलं सांगितलंस तर मी तुझ्याशी बोलनार नाय." आई माळ्याचा जिना चढताना मधे थांबायच्या. मला किस्से सुचेनात. एक-दोन तर मी मनाने रचून सांगितले.

मग एका शुक्रवारी सकाळी मी डबा भरत होते, तर आई नवं लुगडं नेसून ओटीवर तयार. "चल. आज टाइम हाये मला."

मॅडमनी आधी खाली तपासलं. मग मला बाजूला घेतलं. "वरती सर आहेत. पहिल्यांदा त्यांना पोटावरून बघू दे. लागलं तर नंतर मी आतून बघेन." थोडं थांबून म्हणाल्या, "माझी आई असती तर मीसुद्धा सरांकडेच नेली असती. अशा बाबतीत त्यांची नजर... हे त्यांना सांगायचं नाही हां!" आणि पुढे, "पण सासूबाईंना आधी सांग, कोण बघणार ते. न सांगता काही होणार नाही."

मी ग्लास भरून आईंकडे गेले.

"आई, ऐका ना. आत कोण—"

"पानी दे."

त्या प्यायल्या.

"आई, आज शुक्रवार आहे. आत—"

"अजून दे."

प्यायल्या.

"आई, मला मॅडमनी सांगितलंय, की तुम्हाला—"

"तू आत असशील ना?"

"असेन."

"मंग झालं. मी डोळं मिटते. मला कायपन सांगू नको. भर अजून."

तिसरा ग्लास गेला. मी तशीच उभी. मॅडम स्वतः वर आल्या आणि आईंना म्हणाल्या, "मावशी, सुनेने सांगितलं ना, आत कोण बघणार ते? चालेल ना तुम्हाला?"

"सांगितलं, सांगितलं," आई म्हणाल्या. "समदं चालंल."

मी तोंड उघडलं. आईंनी माझा पाय दाबला.

आत गेल्यावर त्यांनी टेबलावर पडून डोळे मिटले ते मिटलेच. आईंना पुरुष डॉक्टरची लाज वाटते, हे मी आधीच सरांच्या कानावर घातलं होतं. सर नेहमी भिंतीला ऐकू जाईल असं ओरडतात, 'श्वास घ्या! धरा! सोडा!' त्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत. मला नुसती बोटाने खूण करायचे आणि मी म्हणायचे, "आई, श्वास घ्या. धरा. सोडा." सुमनमावशींनी आईंचे पाय धरले होते. सर बघत राहिले. किती वेळ! एका जागी प्रोब थांबला, सरकला, पुन्हा तिथेच आला. बाईला पाणी पाजा म्हणणारे सर, जिलबीला उपास सांगणारे सर, पण तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काहीच दिसेना. मी श्वास धरला होता, आणि मला कोणी 'सोडा' म्हटलं नव्हतं.

मग सरांनी स्क्रीनवर दोन खुणा करून माप घेतलं आणि माझ्याकडे बघून दोन बोटांत बोराएवढी जागा दाखवली. लहान गाठ. काढून तपासायला पाठवायची.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी काढली. तपासणीचा रिपोर्ट यायला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत आमच्या घरात वाल कोणी सोलले नाहीत. रिपोर्ट साधा आला. मी तो काउंटरवर बसून तीनदा वाचला, मग आईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "बरं." आणि थोड्या वेळाने, "येताना वाल घेऊन ये."

माझ्या मनाला मात्र लागून राहिलं होतं. म्हटलं, आईंना फसवलं आपण. धड सांगितलंही नाही. कधीतरी कबूल करायचं.

त्याच संध्याकाळी आम्ही ओटीवर वाल सोलत होतो आणि जनाकाकी आल्या.

"कशी हाय तब्येत? कोनी केली गो सोनोग्राफी? तो कल्यानचा बाप्या करतो म्हनं तिथं!"

"छ्या!" आई म्हणाल्या. "माझ्या सुनेनं केली. दुसऱ्या कोनाला हात लावून दिला नाय. श्वास घ्या, धरा, सोडा, समदं हीच!"

मी शेंगांत तोंड खुपसलं.

जनाकाकी थोडा वेळ बसल्या. शेंग उचलली, सोलली, टरफलच भांड्यात टाकलं. मग आईंच्या जवळ सरकून अगदी हळू म्हणाल्या, "मला पन... तीन महिने झालं गो. कोनाला बोलली नाय. माझी करंल काय ही?"

"करंल की!" आई म्हणाल्या. "न करायला काय झालं? शुक्रवारी जा. तांब्याभर पानी पिऊन जा. टेबलावर पडलीस की डोळं मिट. नि लवंगंचा वास आला तरी उघडू नको!"